मे महिन्याची उत्तम कामगार

"झोपली बघा महाराणी. आणि आमच्या पाठीला काय वंगण घातलंय?"

आक्काताई हे तोंडातल्या तोंडात म्हणाली, पण तिचं तोंड माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. मी झोपले नव्हते. बाकावर हातांची घडी घालून तिच्यावर कपाळ टेकलं होतं एवढंच. इंजेक्शनचा दुसरा दिवस होता, आणि त्या दिवशी मला पितळेच्या वासानंसुद्धा मळमळायचं. आमच्या खात्यात पितळेशिवाय दुसरा वास नव्हता.

"उठू का?" मी विचारलं.

"उठून काय दिवे लावणारायस? पड."

असं म्हणत तिनं स्वतःचा भरलेला ट्रे माझ्यापुढे सरकवला आणि त्यात माझ्या नंबरची चिठ्ठी टाकली. अकरा. मग पुढचा रिकामा ट्रे ओढला आणि पुन्हा पुटपुटायला लागली. आज आक्काताईची कसबा सांगावात पिठाची गिरणी आहे. गिऱ्हाइकाचे गहू ओले असले तरी ती असंच पुटपुटते, आणि आधी दळून देते.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. कागलच्या बाजूच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. तिथं प्रेशर कुकरच्या शिट्ट्या बनायच्या. बनवायचे पुरुष, तपासायच्या आम्ही चौदा बायका. शिट्टी नळीवर बसवायची, पायानं पट्टी दाबायची, खालून हवा यायची. बरोबर दाबाला शिट्टी उचलून वाजली की पास. चाळीस शिट्ट्यांचा एक ट्रे, आणि ट्रेत तपासणारीच्या नंबरची चिठ्ठी. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, आत चौदा घरांची डाळ एकाच वेळी शिजतेय.

नंबर कामाला लागलेल्या क्रमानं होते आणि बसायचंही त्याच क्रमानं. एक नंबरला फुलाबाई. तिच्या पायाची पट्टीसुद्धा तिला ओळखायची. चौदा नंबरला शमा, लग्नाला दोन वर्षं झालेली, सगळ्यांना मावशी म्हणणारी. आक्काताई आणि मी एकाच दिवशी, एकाच एसटीनं आलो होतो. दारात माझ्या चपलेचा पट्टा सुटला म्हणून मी वाकले. आक्काताईला कुणाची वाट बघायची सवय नाही. ती पुढे गेली. म्हणून ती दहा आणि मी अकरा.

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. आता सांगताना काही वाटत नाही, पण तेव्हा बाकावर कुणीच तो शब्द काढत नसे. "तुझं ते" म्हणायच्या. तुझं त्याचं काय म्हणाले डॉक्टर, तुझ्या त्याला पपई चालते का. जानेवारीत ऑपरेशन झालं. तेव्हा मी माझी साठलेली रजा घेतली आणि साहेबांना गर्भाशयाचं सांगितलं, कारण बायकांच्या पोटातलं काही म्हटलं की पुरुष पुढचा प्रश्न विचारत नाहीत. नंतर आठ इंजेक्शनं होती, तीन-तीन आठवड्यांनी. आमची सुट्टी सोमवारी असायची. सोमवारी इंजेक्शन घ्यायचं आणि मंगळवारी कामावर यायचं. केस गेले, पण कारखान्यात सगळ्यांना टोपी सक्तीची होती. कंपनीच्या त्या निळ्या टोपीनं माझी जेवढी अब्रू राखली, तेवढी माझ्या नवऱ्याच्या आईनंसुद्धा कधी राखली नव्हती.

कामगार विम्याच्या ईएसआय दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई प्रत्येक खेपेला विचारायच्या, "मालन, आजारपणाच्या रजेचा कागद देऊ का? तुमचा हक्क आहे." मी प्रत्येक खेपेला नको म्हणायचे. आमच्यात एक समजूत पक्की होती, की लांब रजेवर गेलेली बाई साहेबांच्या डोळ्यात येते. आणि कामावरून नाव गेलं की आज ना उद्या दवाखान्याचं कार्डही जाणार. माझी पाच इंजेक्शनं झाली होती. तीन बाकी होती, आणि त्यानंतर रेडिएशनचे शेक. कार्ड गेलं असतं तर ती इंजेक्शनं मला दुकानात जाऊन लांबूनच बघावी लागली असती.

म्हणून उसने ट्रे. ही आमच्या खात्याची जुनी रीत होती. कुणाची पाठ धरली, कुणाचं पोट दुखलं, कुणी रात्रभर मूल घेऊन बसली, तर शेजारीण एखादा ट्रे तपासून त्यात तिच्या नंबरची चिठ्ठी टाकायची. साखर-चहापत्ती देतात तसं. कुणी लिहून ठेवत नसे, कुणी आठवणही करून देत नसे.

पण मे महिन्यात घोटाळा झाला. त्या महिन्यात मी फारच वाळले होते. आक्काताई ट्रे द्यायचीच. फुलाबाईला वाटलं, एकट्या आक्काताईला किती जमणार, म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत दोन ट्रे माझ्या रांगेत ठेवायची. शमाला वाटलं, मोठ्या बायकांना कुठं सुचतंय, म्हणून ती पाणी प्यायला जाता-जाता ठेवायची. बाकीच्यांनाही तसंच काहीबाही वाटत होतं. कुणी कुणाला बोललं नाही. अशा गोष्टी बोलून करायच्या नसतात. महिना संपला आणि फलकावर नाव लागलं. मे महिन्याची उत्तम कामगार: मालन बाबू खवरे. चारशे बारा ट्रे. खात्याच्या इतिहासात एवढे कुणी तपासले नव्हते.

मी तो फलक वाचला आणि तिथल्या तिथं पायरीवर बसले. पाठीमागे फुलाबाई म्हणाली, "अगं, मी एकटीच देतेय असं वाटलं मला." शमा तोंडावर ओढणी धरून हसत होती. आक्काताई म्हणाली, "लोकांच्या पोरी आजारी पडल्या की घरी बसतात, आमची बक्षीस मिळवतीय."

बक्षीस म्हणजे पाच लिटरचा कुकर. साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या आणि फोटो काढला. त्या फोटोत मी सुजलेल्या तोंडानं, टोपी कानापर्यंत ओढून, कुकर बाळासारखा धरून उभी आहे. मागे तेरा बायका माना खाली घालून हसतायत. तो फोटो चौकटीत घालून कामगार अधिकाऱ्यांच्या खोलीत लावला.

पुढच्याच महिन्यात यंत्र आलं. एका दमात चाळीस शिट्ट्या तपासणारं. आम्ही त्याच्याभोवती उभ्या राहून बघितलं. ते फार भसाडं वाजत होतं, त्यावर आमचं एकमत झालं. दोन दिवसांनी फलकावर खात्याची यादी लागली. एक ते चौदा, नावं आणि कामाला लागल्याच्या तारखा. खाली लिहिलं होतं की महिनाअखेर चार जागा कमी होतील आणि शेवटी आलेली आधी जाईल, या नियमानं जातील. चौदा, तेरा, बारा, अकरा.

शमा रडली नाही. म्हणाली, "मावशी, मला तसंही पुढच्या वर्षी मूल हवंच होतं." बारा नंबरवालीच्या भावाचं कापडाचं दुकान होतं, आणि तेरा नंबरवाली म्हणाली की दाजीपूरच्या बाजूला मामाची काजूची बाग आहे, तिथं जाऊन मोकळी हवा खाईन. त्या दिवशी जी ती दुसरीला धीर देण्यासाठी स्वतःकडे नसलेलं काहीतरी सांगत होती. माझी बाग कुठली, हे मात्र कुणाला सुचेना.

त्या सोमवारी सहावं इंजेक्शन होतं. त्याआधी ईएसआय दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी घ्यायची होती. दर वेळी नवरा यायचा, पण त्याचा टेम्पो गॅरेजला होता, म्हणून आक्काताई आली. रांग मोठी होती. आक्काताई चौथी शिकलेली, आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायची तिला खोड. मी उलटी. सातवीनंतर शाळा सुटली, पण भेळेच्या कागदापासून रद्दीतल्या दिवाळी अंकापर्यंत सगळं मी मनातल्या मनात वाचून संपवलेलं. फक्त दवाखान्याच्या भिंती मी कधी वाचल्या नव्हत्या. तिथं मी छताकडे बघत बसायचे.

"इथे थुंकू नये," आक्काताईनं वाचलं. "बाळाला सहा महिने अंगावरचं दूध पाजावे." शेजारचा एक तरुण फिटर उठून दुसऱ्या बाकावर गेला. मग ती पुढच्या पाटीकडे वळली. "विमाधारक कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना त्याला मालकाने कामावरून काढता कामा नये, अथवा त्याला कमी करता कामा नये."

तिनं ते पुन्हा वाचलं. मग बोटानं एकेक शब्द धरून तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्या वेळी आवाज बारीक झाला होता.

"मालन, तू लाभ घेतीयस का?"

"इंजेक्शन घेतेय की."

"ते न्हवं. तो कागद."

"नाही."

"पाच महिने बाई तुला कागद देतीय, आणि तू नको म्हणतीयस?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता माझी तिथंच सालटी काढणार. पण ती पाटीकडे बघत राहिली. तिची बोटं मांडीवर हलत होती. ती चौदापासून उलटी मोजत होती. चौदा, तेरा, बारा. मग एक बोट सोडून दिलं आणि पुढच्या बोटावर थांबली. मीही तेच मोजत होते. चार जणी कमी करायच्या आणि अकरा नंबरला हात लावायचा नाही, तर पुढचा नंबर कुठला, हे समजायला सातवीसुद्धा लागत नाही. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. मुलगी नर्सिंगला होती. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. ती माझ्याआधी उठली, दार ढकलून आत गेली आणि म्हणाली, "बाई, हिला तो रजेचा कागद द्या. जानेवारीपासून काय-काय झालं ते सगळं लिहून द्या. ही नको म्हणेल. तिचं ऐकू नका."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "चला, कुणीतरी शहाणं भेटलं." दुसऱ्या दिवसापासूनच्या रजेचा कागद दिला, आणि सोबत जानेवारीपासूनच्या उपचारांचं पत्र.

इंजेक्शन घेऊन परतताना एसटीत आम्ही दोघी खूप बोललो. कंडक्टरनं सुट्टे दिले नाहीत म्हणून आक्काताई भांडली. शमाच्या सासूबद्दल बोललो, खाऱ्या बांगड्याच्या भावाबद्दल बोललो, भसाड्या यंत्राबद्दल बोललो. एका गोष्टीबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोललो. माझा थांबा आला तेव्हा ती म्हणाली, "उद्या कागद आण." मी हो म्हणाले.

घरी मी नवऱ्याला कागद दाखवला. त्यानं वाचला, घडी घालून देवापुढं ठेवला आणि विचारलं, "मग कोण जाणार?" मी चहा ठेवायला उठले. कुकर धुतला. तो स्वच्छच होता, तरी धुतला.

मंगळवारी मी कागद नेला, पण पिशवीत डब्याखाली ठेवला. खरं सांगायचं तर काय करणार होते, मला आजही सांगता येत नाही. द्यायचा नाही असं ठरलं नव्हतं आणि द्यायचा असंही ठरलं नव्हतं. मी काही देवमाणूस नाही. मला जगायचं होतं. माझी मुलगी नववीत होती आणि तिला अजून साडी नेसता येत नव्हती. पण आक्काताई शेजारी बसून माझ्यासाठी शिट्ट्या वाजवत असताना तो कागद काढायचा, हे मला जमेना.

"कागद कुठाय?" तिनं विचारलं.

"विसरले."

"डब्याखाली हाय. पाणी प्यायला गेलीस तेव्हा बघितलाय मी." आणि मग अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं, "फुलाबाई, जरा उठ. साहेबाकडं जायचंय."

आम्ही चौघी गेलो. पुढे फुलाबाई, मग आक्काताई, मग मला धरून शमा. शमाची जागा जाणार हे पक्कं होतं, तरी ती आली. का आलीस म्हटलं तर म्हणाली, "मला आता कोण काय करणार? मीच खरं बोलू शकते."

कामगार अधिकारी नाझरे साहेब पन्नाशीचे, सपक आवाजाचे गृहस्थ. कुणाला काढायचं असेल तर आदल्या रात्री त्यांनाच झोप येत नसावी, असा चेहरा. त्यांनी कागद वाचला, पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. सुजलेल्या तोंडाची मी कुकर घेऊन त्यांच्याकडेच बघत होते.

"खवरेबाई, हे पत्र म्हणतंय की मे महिन्यात तुमचं चौथं आणि पाचवं इंजेक्शन झालं."

"होय, साहेब."

"आणि मे महिन्यात तुम्ही चारशे बारा ट्रे तपासलेत."

मी फोटोतल्या माझ्याकडे बघत राहिले. ते म्हणाले, त्यांचा स्वतःचा अविश्वास नाही, पण यादी लागल्यावर पाच दिवसांत कागद येतो, आणि रेकॉर्ड म्हणतं की बाई खात्यात सगळ्यात धडधाकट. वरचे लोक म्हणणार, कागद बनावट आहे. त्यांना साहेबांनी काय सांगायचं?

फुलाबाई घसा खाकरून म्हणाली, "त्यातले नव्वद माझे होते."

"काय?"

"ट्रे. उसने दिलेले."

"माझे सत्तर," शमा म्हणाली. "जास्तच असतील."

"एकशेचाळीस," आक्काताई म्हणाली.

मग उरलेल्या बाकाचा विषय निघाला. कुणाचे पन्नास, कुणाचे तीस, तेरा नंबरवाली तर म्हणे शंभर देत होती, पण तिला फुगवून सांगायची सवय आहे. नाझरे साहेब कागदावर आकडे मांडत होते. त्यांनी बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे खवरेबाईंनी स्वतः मे महिन्यात उणे अडुसष्ट ट्रे तपासले?"

"नाही हो साहेब," मला राहवलं नाही. "थोडे मी पण तपासले."

शमाला हसू आवरेना. फुलाबाईनं तिला कोपर मारलं, पण तीच आधी फुटली. नाझरे साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. ते हसतायत हे दिसू नये म्हणून असेल. त्या हसण्यातच मी टोपी काढली. मुद्दाम नव्हे. घाम आला होता, आणि आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं? माझं डोकं सोललेल्या नारळासारखं होतं. मधेमधे तीन-चार शेंड्या.

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी दुसरीकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "घाला बाई. डोक्यावर पंखा आहे, सर्दी होईल."

मग ते म्हणाले की खोट्या चिठ्ठ्या टाकणं हा गुन्हा आहे आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना नोटिसा द्यायला हव्यात. पण चिठ्ठ्यांबद्दल त्यांनी काहीही ऐकलेलं नाही. मशीनच्या आवाजात त्यांना अलीकडे कमीच ऐकू येतं. मशीन शंभर पावलांवर होतं. त्यांनी माझ्या कागदावर तारीख घातली, सही केली, शिक्का मारला. आजारपणाची रजा आजपासून. यादीतून नाव वगळावं. म्हणाले, "हे आधीच आणलं असतं, तर तुम्हालाही त्रास नव्हता आणि माझाही कुकर वाचला असता."

मला वाटलं, झालं. आम्ही उठलोच होतो. पण त्यांनी ड्रॉवरमधून यादी काढली. अकरा नंबरवर पेन्सिलीनं रेघ मारली. मग पेन्सिल एक ओळ वर सरकली आणि तिथं थांबली. दहा नंबरच्या नावावर नाही, नावाच्या बाजूला, कोऱ्या जागेत.

त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. "बघू," ते म्हणाले. "वर विचारावं लागेल. काहीतरी... बघू." फुलाबाई स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. शमा माझा दंड धरून होती आणि तिची पकड घट्ट होत चालली होती. खात्यातून शिट्ट्या ऐकू येत होत्या, एकामागून एक. एसटीत बोलले नव्हते, घरी नवऱ्याशी बोलले नव्हते, तिथंही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. फक्त माझा हात आपोआप टेबलाकडे गेला, माझा कागद परत घ्यायला.

आक्काताईनं कागदावर तळहात ठेवला. पितळेनं काळा पडलेला तिचा हात. माझ्याकडे न बघता, नेहमीच्याच कुरकुरत्या आवाजात ती म्हणाली,

"साहेब, पेन्सिल कशाला थांबवताय? चार जणी जायच्यात. ही राहिली, म्हणजे मी जाणार."